डिकीतलं पाचवं चाक

29 डिसेंबर 2024 च्या रात्री समृद्धी महामार्गावर मालेगाव आणि वनोजा या टोलनाक्यांच्या मधल्या टप्प्यात एक लोखंडी फलक रस्त्यात पडला. त्याच्यावरून गेलेल्या पन्नासहून अधिक गाड्या एकामागून एक पंक्चर झाल्या आणि माणसं रात्री रस्त्याच्या कडेला अडकून पडली. (हे मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं, आपलं नाशिकमधलं नव्हे.) पुढे सप्टेंबर 2025 मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ याच रस्त्यावर ओळीनं उभे असलेले खिळे दिसले, काही गाड्यांची चाकं बसली आणि लुटारूंनी खिळे ठोकले अशी बोंब मोबाइलवरून राज्यभर झाली. काँक्रीटमधल्या भेगा भरण्यासाठी बसवलेल्या नळ्या वर आल्या होत्या, असं रस्ते विकास महामंडळाच्या खुलाशातून कळलं. दरोडा नव्हता, दुरुस्ती होती. ज्यांच्या चाकातली हवा गेली त्यांना त्याचा काय दिलासा!

नाशिककरांना हा रस्ता आता लांबचा राहिलेला नाही. 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. सिन्नरच्या गोंद्याहून, भरवीरहून किंवा इगतपुरीहून आपण त्यावर चढतो आणि गाडी शंभराच्या पुढे कधी गेली ते कळतही नाही. जुन्या आग्रा रोडवर पाथर्डी फाटा सोडला की विल्होळी, वाडीवऱ्हे, घोटी असं करत कसाऱ्यापर्यंत ठिकठिकाणी झाडाला किंवा खांबाला जुना टायर टांगलेला दिसतो, त्याच्यावर पांढऱ्या रंगात ‘पंचर’ लिहिलेलं असतं आणि शेजारच्या टपरीत कॉम्प्रेसर धडधडत असतो. तिथे चाक बसलं तर फार तर चालत जावं लागतं. समृद्धीवर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी, दोन्ही बाजूंनी कुंपण. पंक्चरवाला स्वतःच्या मोटरसायकलवर हवेची टाकी बांधून तुमच्यापर्यंत येऊच शकत नाही. रस्ते सुधारले तशी स्टेपनीची गरज वाढली, आणि नेमक्या याच काळात गाडी कंपन्या ती लहान करत चालल्यात किंवा काढूनच टाकतायत.

म्हणून आधी खाली जाऊन डिकी उघडा. सामान काढा, तळाचा गालिचा उचला आणि खाली काय आहे ते नीट पाहा.

चार चाकांसारखंच, त्याच मापाचं पाचवं चाक असेल तर तुम्ही नशीबवान. बऱ्याच नव्या गाड्यांत मात्र वर मोठी अलॉय चाकं असतात आणि डिकीत लोखंडी रिमवरचं अरुंद, लहान चाक असतं. त्याच्यावर पिवळं किंवा लाल स्टिकर असतं: ताशी कमाल 80 किलोमीटर. हे चाक तुम्हाला जवळच्या दुकानापर्यंत नेऊन सोडण्यासाठी आहे. ते लावून शिर्डी करून येऊ, असा बेत करू नका. माप वेगळं असल्यामुळे एबीएसचा दिवा लागू शकतो, ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढू शकते आणि ओल्या घाटात तर ते चाक पुढे असणं चांगलं नाही. मॅन्युअलमध्ये बहुधा लिहिलेलं असतं की पुढचं चाक बसलं तर मागचं चांगलं चाक पुढे घ्यावं आणि लहान स्टेपनी मागे लावावी. रस्त्यावर एवढा उद्योग दुप्पट वेळ खातो हे खरं. पण पुढे कसारा उतरायचा असेल, तर तेवढा वेळ द्यावा.

सीएनजी गाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. टाकीनं डिकी खाल्लेली, स्टेपनी उभी करून पट्ट्यानं बांधलेली किंवा गाडीच्या पोटाखाली गेलेली. बाहेरून सीएनजी बसवून घेतलेल्या काही गाड्यांत फिटरनं ती ‘घरी ठेवा साहेब’ म्हणून हातात दिलेली असते आणि मग ती जिन्याखाली सायकलींच्या मागे पडून राहते. तुमची तशी असेल तर निदान लांबच्या प्रवासाला निघताना तिची आठवण ठेवा. मोठ्या सात आसनी गाड्यांची स्टेपनी बऱ्याचदा गाडीखाली साखळीला लटकवलेली असते आणि मागून पाना घालून फिरवला की खाली येते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. दोन पावसाळे चिखल खाल्लेली ती साखळी प्रत्यक्षात जागेवरून हलत नाही. दिवाळीच्या आधी एकदा ती खाली उतरवून, धुऊन, तेल लावून परत चढवायची. आपल्या सातपूरच्या कारखान्यातून निघणाऱ्या बोलेरो आणि थारचं पाचवं चाक मागच्या दारावर उघड्यावर असतं. ते काढायला सोपं, पण ऊन आणि पाऊस बारा महिने त्याच्याच अंगावर.

आणि काही गाड्यांत गालिचाखाली चाकच नसतं. एक छोटा पंप आणि चिकट द्रवाची बाटली असते. हे बेकायदा नाही. 2020 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं साहित्य असेल, तर त्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरपासून स्टेपनीची सक्ती राहिली नाही. नियमाच्या दृष्टीनं ठीक आहे. माझं मत विचाराल तर ज्याला पेठ, सुरगाणा, जव्हार या बाजूला नेहमी जावं लागतं, त्यानं गाडी घेतानाच शोरूममध्ये स्टेपनीचा विषय काढावा आणि वेगळी मिळत असेल तर पैसे भरून घ्यावी. ती बाटली खिळ्याच्या भोकाला चालते. खड्ड्याच्या धारेवर आपटून टायरची बाजू फाटली की तिचा काडीचा उपयोग नाही, आणि आपल्याकडे पावसाळ्यात टायर जातात ते बरेचसे असेच जातात.

चाक आहे असं धरून चाललो तरी ते कामाचं आहे का, हा प्रश्न उरतो. पंपावर हवा भरताना आपण चार चाकं सांगतो आणि निघतो. टायरमधली हवा पंक्चर नसतानाही महिन्याला एखाद-दुसरा पॉइंट कमी होत असते. दोन वर्षं कुणी हात न लावलेल्या स्टेपनीत मग दहा-बारा पॉइंट हवा उरते आणि रात्री अकरा वाजता चाक बदलून जॅक खाली घेतला की नवं चाकही जमिनीला टेकतं. तेव्हा महिन्यातून एकदा ‘स्टेपनी पण’ हे दोन शब्द पंपावरच्या मुलाला सांगायचे आणि डिकी रिकामी करून द्यायची. तिच्यात नेहमीपेक्षा चार-पाच पॉइंट जास्तच भरून ठेवावेत. गरज पडली तर कमी करणं सोपं. लहान स्टेपनीचा आकडा वेगळा असू शकतो. काही प्रकारांत तो थेट 60 असतो, म्हणून तिच्या बाजूवर आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर काय छापलंय ते वाचूनच भरा. पंपावरचा मुलगा विचारतो, ‘पस्तीस टाकू?’ तो सगळ्यांनाच पस्तीस टाकतो.

हवा तपासायची ती गाडी थंड असताना, म्हणजे घरातून निघाल्यावर जवळच्या पंपावर. आपल्या जिल्ह्यात याला जास्तच महत्त्व आहे. निफाडला जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो आणि मालेगावला मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. तापमान दहा अंशांनी उतरलं की हवेचा दाब साधारण दीड पॉइंटनं उतरतो. मे महिन्यातल्या दुपारी 33 भरलेली हवा निफाडच्या कडाक्याच्या पहाटे 28 च्या आसपास आलेली असते, एकही खिळा न लागता.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. ‘समृद्धीवर जातोय, रस्ता तापतो, हवा थोडी कमीच ठेव’ असं सांगणारा जाणकार प्रत्येक कट्ट्यावर असतो. नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, त्याच्या बाजू सतत वाकत-उघडत राहतात, त्या घुसळणीनं रबर आतून तापतं आणि ताशी 120 च्या वेगावर तासाभरात ते फाटायला येतं. फुटणारे बरेच टायर जास्त हवेनं नव्हे, कमी हवेनं फुटतात. धावून गरम झालेल्या टायरमध्ये दाब चार-पाच पॉइंट वाढलेला दिसतो तो दिसू द्यायचा. टोलनाक्यावर थांबून ती हवा सोडायची नाही. नायट्रोजनचं म्हणाल तर भरा, तोटा नाही. पण तो मिळत नाही म्हणून कमी हवेवर गाडी दामटू नका. साधी हवा वर भरली तर काहीही बिघडत नाही.

टायरचं वयही बघा. बाजूवर डॉट अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. स्टेपनीचा हा आकडा बघून बरेच जण चमकतात, कारण चार टायर दोनदा बदलले तरी डिकीतला मूळचाच असतो. वरून कोराकरकरीत, खोबणीत कंपनीचे केसही शाबूत, पण रबर कडक झालेलं आणि बाजूला बारीक भेगा. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणत्या माणसाला दाखवावा आणि दहा झाली की काही न विचारता बदलावा. पाचही चाकं एकाच मापाची असतील, तर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं फिरवून घेताना स्टेपनीही फेरीत घ्या. म्हणजे ती म्हातारी होत पडून राहत नाही. झिजेची कायदेशीर हद्द 1.6 मिलिमीटर आहे. खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला. समृद्धीवर परिवहन विभागानं टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला 2023 पासून सुरुवात केली, तेव्हा लोकांनी कुरकूर केली. मला ते काम फार योग्य वाटलं.

न्यायालयाचंही मत काही वेगळं नाही. 2010 साली पुण्याहून मुंबईकडे येताना टायर फुटून झालेल्या एका अपघाताचा दावा मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. टायर फुटणं ही दैवी घटना आहे, असं विमा कंपनीचं म्हणणं. 2023 मध्ये न्यायालयानं ते फेटाळलं: हा देवाचा कोप नव्हे, माणसाचा निष्काळजीपणा आहे. विम्याचं निघालंच आहे तर एवढं सांगतो, की साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत नुसता टायर फाटला तर काही मिळत नाही. अपघातात गाडीचंही नुकसान झालं तरच टायरचे पैसे मिळतात आणि तेही निम्मे. मात्र रस्त्यावरच्या मदतीची सोय पॉलिसीत किंवा गाडीच्या वॉरंटीत बहुधा असते. तो नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा. राष्ट्रीय महामार्गांसाठी 1033 आहे, आणि जिवाला धोका वाटेल तिथे 112.

आता प्रत्यक्ष प्रसंग. चालत्या गाडीत चाक बसलं की स्टिअरिंग जड होतं आणि एका बाजूला ओढतं, किंवा मागून फडफड ऐकू येते. टायर फुटलाच तर मोठा आवाज होतो आणि पाय आपोआप ब्रेककडे जातो. तो आवरायचा. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, गाडीला तिच्या चालीनं वेग टाकू द्यायचा आणि मग चारही इंडिकेटर लावून डावीकडे यायचं. ब्रेक अगदी शेवटी आणि हलका.

मग थांबायचं कुठे? चाक बदलण्यापेक्षा हा निर्णय मोठा आहे. टायर वाचावा म्हणून लोक जिथे बसला तिथेच थांबतात, वळणावर, पुलावर, चढाच्या तोंडाशी. टायर गेला आहे, फार तर रिम जाईल. दहाच्या वेगानं गाडी सरळ, रुंद, दुरून दिसेल अशा जागी न्या. चांदवडच्या राहुड घाटात उतारावर थांबलात, तर मागून भरलेला कंटेनर येत असतो आणि त्याच्या ब्रेकवर तुम्ही विश्वास टाकताय. इगतपुरी-कसाऱ्याचा समृद्धीवरचा बोगदा जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे. त्यात गाडी सरकते आहे तोवर सरकवत बाहेर काढायची. आत जॅक लावण्याचा विचारसुद्धा करायचा नाही. अगदीच शक्य नसेल तर गाडी कडेला घेऊन, माणसं उतरवून मदत मागवायची.

समृद्धीवर किंवा कुठल्याही वेगवान रस्त्यावर वाहतुकीच्या बाजूचं चाक बसलं असेल, तर ते स्वतः बदलू नये असं मी स्पष्ट सांगेन. तुमची पाठ रस्त्याकडे असते आणि हातभर अंतरावरून 120 च्या वेगानं गाड्या जातात. सगळ्यांना उतरवून लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभं करा, गाडीत कुणालाही झोपू देऊ नका आणि फोन लावा. मदत यायला दोन तास लागले तर लागू द्या. डाव्या बाजूचं चाक असेल, कडेची पट्टी रुंद असेल आणि उजेड असेल, तर मात्र हात घालायला हरकत नाही.

गाडीसोबत आलेला लाल त्रिकोण सीटखाली पिशवीत पडून असतो. तो मागे निदान पन्नास पावलं आणि वेगवान रस्त्यावर त्याच्या दुप्पट अंतरावर ठेवायचा. ठेवायला जाताना कठड्याच्या कडेनं, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं.

हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका. ऑटोमॅटिक असेल तर पार्किंगमध्ये. बसलेल्या चाकाच्या तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो आणि मागचंच एक चाक हवेत गेलं की तो अर्धाच उरतो, म्हणून हा दगड. काम झाल्यावर तो उचलून कडेला टाकायचा. घाटात ट्रकवाल्यांनी लावून तसेच सोडलेले धोंडे रात्री पुढच्याच्या चाकाखाली येतात.

यानंतर जॅक नव्हे, पाना हातात घ्यायचा. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच प्रत्येक नट पाव-अर्धा फेरा सैल करायचा. गाडी उचलल्यावर जोर लावाल तर चाक फिरेल किंवा गाडी जॅकवरून घसरेल. आणि गाडं अडतं ते नेमकं इथेच. गाडीत येणारा पाना वीतभर लांब, आणि नट मात्र टायरच्या दुकानात हवेच्या गननं करकचून आवळलेले. गनचा ट्रिगर दाबून ‘टर्र’ आवाज थांबेपर्यंत पोरगं ती धरून ठेवतं. लहान गाडीच्या नटाला साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर इतकाच जोर लागतो. गन त्याच्या दुपटीनं सहज आवळते. मग रस्त्यावर भलाभला गडी पान्यावर उभा राहून लोंबकळतो आणि नट हलत नाही. उपाय दोन. टायरचं कुठलंही काम करून घेतल्यावर दुकानातच सांगायचं, ‘गन नको, शेवटचा पीळ हातानं दे.’ आणि सव्वा-दीड फुटी दांड्याचा पाना किंवा अधिकच्या आकाराचा चौफुली पाना विकत घेऊन डिकीत टाकायचा. तीन-चारशे रुपयांची वस्तू आहे. नट सोडवताना पान्यावर टाच देऊन वजन टाकलं तर चालतं. आवळताना असं कधीही करू नका, स्टड तुटतो आणि मग टोचन लावून न्यायची वेळ येते.

अलॉय चाकांना चोरीच्या भीतीनं एकेक वेगळा नट असतो आणि त्याची चावी वेगळी. ती जुन्या मालकाकडे राहिली, सर्व्हिसिंगला गेली ती परत आलीच नाही, हे प्रकार नेहमीचे. डॅशबोर्डच्या कप्प्यात ती आहे का, एवढं आताच बघून घ्या.

जॅक लावायची जागा ठरलेली असते: पुढच्या चाकाच्या थोडं मागे आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे, दरवाजाखालच्या पत्र्याच्या कडेवर दोन छोट्या खाचा दिसतात किंवा हाताला लागतात. त्या दोन खाचांच्या मध्येच जॅकचं डोकं बसलं पाहिजे. दुसरीकडे लावलात तर पत्रा आत जातो. येवला-निफाडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात कडेला गाडी घेतली, तर गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली रुततो. फूटभर लाकडी फळी डिकीत ठेवली असेल तर ती इथे कामाला येते. थोडं वजन उचललं की स्टेपनी आडवी करून गाडीखाली, जॅकच्या शेजारी सरकवायची. जॅक घसरलाच तर गाडी त्या चाकावर बसेल, तुमच्या हातावर नाही. गाडी वर असताना अंगाचा कुठलाही भाग तिच्याखाली घालायचा नाही.

नट निघाले तरी चाक कधी कधी गंजानं हबला चिकटून बसतं. टायरच्या बाजूवर तळपायानं आळीपाळीनं दोन-चार लाथा घातल्या की सुटतं. जुनं चाक गाडीखाली, स्टेपनी वर. नट आधी बोटांनीच चार-पाच आटे फिरवायचे, निमुळती बाजू रिमकडे. आटा तिरका धरतोय असं वाटलं तर सोडून पुन्हा लावायचा, जबरदस्ती नाही. मग समोरासमोरचे नट आळीपाळीनं बसवायचे, एकाशेजारचा एक असं नाही, म्हणजे चाक सगळीकडून सारखं टेकतं. गाडी खाली घ्यायची आणि शेवटची आवळणी आता, चाक जमिनीवर असताना. नट आट्यांत बसतात आणि थोडे सैल पडतात, म्हणून पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पान्यानं पुन्हा एकदा बघायचे.

हे सगळं पहिल्यांदा करायचं ते हायवेवर नाही. एखाद्या रविवारी सोसायटीच्या आवारात एक चाक काढून परत लावा. घरात जे जे गाडी चालवतात त्या सगळ्यांनी करा, आई आणि कॉलेजातली मुलगी धरून. ताकदीपेक्षा पान्याची लांबी जास्त काम करते, हे तेव्हाच कळतं. आणि पाना रिमच्या खोबणीत बसत नाही किंवा जॅकचा दांडाच नाही, हेसुद्धा तेव्हाच.

ट्यूबलेस टायर असेल तर निम्म्या वेळा चाक काढायची गरजच नसते. खिळा घुसलेला दिसला तर उपटू नका. तोच बूच म्हणून बसलेला असतो. सिगारेट लायटरच्या जागी लावायचा बारा व्होल्टचा छोटा पंप दीड-दोन हजारांत मिळतो आणि माझ्या मते स्टेपनीनंतर गाडीत ठेवायची सगळ्यात उपयोगी वस्तू तीच. इंजिन चालू ठेवून हवा भरायची, कमी वेगानं पुढचं दुकान गाठायचं, लागलं तर वाटेत पुन्हा भरायची. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यातल्या आतल्या रस्त्यांवर मांडवाच्या तारेचे तुकडे चाकात शिरतात; त्यांची हवा इतकी सावकाश जाते की सकाळी गाडी बसलेली दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. अशा वेळी पंप तुम्हाला चाक न बदलता गावापर्यंत आणतो. द्रवाची बाटली वापरलीच तर पंक्चरवाल्याला आधी सांगा. टायर उघडल्यावर तो चिकट रस त्याच्या अंगावर उडतो आणि तुमच्याबद्दल तो काय बोलतो ते ऐकण्यासारखं नसतं.

पंक्चरवाल्याकडे टायर दिला की शेजारी उभं राहा. साबणाचं पाणी मारल्यावर बुडबुडे कुठे येतात ते स्वतः बघा आणि त्या जागी खडूची खूण करा. एकाची चार पंक्चर करून सांगणारे महाभाग काही ठिकाणी भेटतात, पण खूण केलेल्या गिऱ्हाइकाच्या वाटेला ते जात नाहीत. दोरी बाहेरून खुपसून केलेलं काम रस्त्यापुरतं चांगलं आहे आणि पुष्कळदा वर्षभर टिकतं. ज्यांना रोज वेगात जायचं असतं त्यांनी नंतर टायर उतरवून आतून पॅच मारून घ्यावा. भोक तळव्याच्या मधल्या भागात आणि साधारण सहा मिलिमीटरपर्यंतचं असेल तरच दुरुस्ती. बाजूला भोक, चिरा किंवा खड्ड्यात आपटून आलेला फुगा असेल तर ‘होऊन जाईल साहेब’ ऐकायचं नाही, टायर बदलायचा. टायरच्या बाजूतले आतले धागे तुटले की फुगा येतो आणि तो कधी फुटेल याचा भरवसा नाही.

सिंहस्थ 2027 च्या तयारीत शहरात आणि त्र्यंबक रस्त्याला जागोजागी कामं निघाली आहेत, म्हणजे खडी, सळ्यांचे तुकडे आणि शटरिंगचे खिळे रस्त्यात आलेच. डिकीत एवढं ठेवा: लांब पाना, फळी, पंप, कपाळाला बांधायची विजेरी (मोबाइलचा टॉर्च धरायला तिसरा हात लागतो), जाड हातमोजे आणि गुडघे टेकायला खताची रिकामी गोणी. आणि स्टेपनी एकदा लागली की दुसऱ्याच दिवशी पंक्चर काढून मूळ चाक जागेवर लावून घ्या. बसलेलं चाक डिकीत टाकून आठवडाभर फिरणारे बरेच आहेत, आणि त्या आठवड्यात त्यांच्या गाडीत चारच चाकं असतात.